हातातली दोन, टेबलावरची तीन

दि. ३ सप्टेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुमचे गुडघे काय म्हणतात? फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि कानाचं मशीन तुम्ही डबीत घालून ती डबी कपाटात ठेवलीय असं मामींकडून कळलं. तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. एका परीने बरंच झालं. मला जे मागायचंय ते फोनवर ओरडून मागण्यासारखं नाही.

मला ओमाहा पोकर खेळायला शिकायचंय. हसू नका. कुठून सुरुवात करायची, काय वाचायचं, काय बघायचं, हे मला नीट सांगा. आपल्या माणसांत हा खेळ तुमच्याइतका कोणी जाणत नाही.

कारण सांगते. बाबांचं घड्याळकामाचं छोटं लेथ सरकारांच्या काचेच्या कपाटात जाऊन पडलंय. ते गेलं तेव्हा मी परगावी कंपनीत होते, आणि तुम्हीही त्याच सुमारास मुलाकडे राहायला गेलात, त्यामुळे तुमच्या कानावर कितपत आलंय कोण जाणे. आमच्या या चुलत काकांना सरकार हे नाव कोणी दिलं माहीत नाही, पण ते त्यांनी अंगाला लावून घेतलंय. फर्निचरच्या दुकानामागे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोफ्यांच्या मधोमध, रविवारी दुपारी ते टेबल मांडतात. टेबलावर पैसा येत नाही याचा केवढा तोरा. पैज वस्तूंची लावायची, आणि जिंकलेली वस्तू कपाटात मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

बाबा तिथे कधी जात नव्हते. घड्याळजीचे हात आता थरथरतात, म्हणून हा माणूस पत्तेसुद्धा धरत नाही, असं सरकार बाजारात चारचौघांत बोलले, आणि बाबा हट्टाला पेटून जाऊन बसले. त्यांना येत होता तो दोन पानांचा पोकर, तरुणपणी तुम्हीच शिकवलेला. त्यात हातातलं एकच पान वापरलं तरी चालतं. ओमाहात हातात चार पानं येतात, त्यांतली दोनच घ्यायची आणि टेबलावरच्या पाचांतली तीन, कमी नाही की जास्त नाही. हे सरकारांनी बाबांना सांगितलंच नाही. बाबांच्या हातात इस्पिकचा एक्का आणि टेबलावर चार इस्पिक पडलेले. पाच इस्पिक जुळून रंग झाला म्हणून बाबांनी चारही पानं उघडी टाकली. मग सरकारांना नियम आठवला, आणि पैजेला लावलेलं लेथ गेलं. केमिस्ट आणि ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर पोट धरून हसले म्हणे. अजूनही बाबा बाजारात दिसले की कोणीतरी इस्पिकच्या एक्क्याची चौकशी करतं.

त्या लेथवर बाबा घड्याळाच्या चाकांचे केसाएवढे आस कातायचे. आता जुनं घड्याळ आलं की ते हात जोडून परत पाठवतात आणि दिवसभर मनगटी घड्याळांचे सेल बदलत बसतात. दुसरं लेथ आणू म्हटलं तर तोंड फिरवतात. त्यांच्या वस्तादांनी दिलेलं होतं ते.

मी माझ्या परीने शोधाशोध केली. वाचनालयातून पोकरचं जाडजूड पुस्तक आणलं. कॉम्प्युटरवर काळा चष्मा घातलेला एक माणूस ओरडत ओरडत शिकवतो, तो पाहिला. एक चार्ट छापून घेतला, तो भिंतीवर लावला तर भिंत पुरत नाही. डोक्यात नुसता गोंधळ आहे. मला पत्त्यांची हौस नाही, मामा. मला सरकारांना त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच माणसांसमोर खाली मान घालायला लावायचीय, आणि लेथ बाबांच्या टेबलावर परत हवंय. तोवर मला घास गोड लागणार नाही.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती या कामात जरा जास्त लावावी.

तुमची भाची,
चिमटा


दि. ११ सप्टेंबर

चि. चिमटा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. लहानपणी चिमटे काढून पळायचीस म्हणून हे नाव ठेवलं, आता सरकारांना काढायला निघालीस. मामीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला चांगलं वळण लावायचं सोडून पत्ते शिकवता का. मी म्हटलं, वळण लावायची वेळ टळली. गुडघे जिथल्या तिथे आहेत. मी हलवले नाहीत तर तेही मला हलवत नाहीत, असा आमचा समझोता झालाय.

दाजींचं ऐकून वाईट वाटलं. त्यावर जास्त लिहीत नाही. तू शिकायचं म्हणतेस ते बोलू.

आधी ते वाचनालयाचं पुस्तक परत करून ये. ते दोन पानांच्या खेळाचं असणार. पोकर नाव दिसलं की लोक उचलतात, आणि मग तिथल्या सवयी इकडे आणून बुडतात. दुसरं पुस्तक बघशील तेव्हा पहिलं प्रकरण उघड. हातातली दोन आणि टेबलावरची तीन हा नियम तिथेच, भरपूर उदाहरणं देऊन सांगितलेला नसेल तर ठेवून दे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सोडवायला डाव हवेत आणि मागे उत्तरं हवीत. लेखक स्वतःच्या पराक्रमाबद्दलच बोलत असेल तर त्याला नमस्कार कर आणि पुढे हो.

काळ्या चष्म्यावाल्याला बंद कर. जिंकलेला डाव कोणीही दाखवतो. हरलेला डाव सावकाश उलगडून, आपण कुठे चुकलो ते सांगणारा कोणी सापडला तर त्याला धरून ठेव. चार्ट फाड. नवशिक्याला एवढं पुरे की चारही पानं एकमेकांच्या उपयोगी पडली पाहिजेत. तीन जुळलेली आणि चौथं रुसून बसलेलं असेल तर हात सोडून द्यायचा. आणि चारांत तीन राजे आले म्हणून नाचू नकोस. वापरायला मिळणार दोनच, तिसरा तुझ्याच हातात अडकून पडला.

कुठलं काय मोठं ते पाठ कर. तीन सारख्या पानांपेक्षा सलग पाच पानांची सिक्वेन्स मोठी, सिक्वेन्सपेक्षा एकाच रंगाची पाच पानं मोठी. तीन पत्तीत तीन सारखी पानं, म्हणजे ट्रेल, सगळ्यांच्या वर असते, ते इथे विसरायचं.

आता खरा अभ्यास. घरातला पत्त्यांचा जोड घे. टेबलावर पाच पानं उघडी मांड, समोर चार मांड. चार पानांच्या सहा जोड्या होतात. सहाच्या सहा जोड्या त्या पाच पानांना लावून बघायच्या, एकही सोडायची नाही. बहुतेक माणसं मनात भरलेल्या एका जोडीकडे बघत बसतात आणि दुसरी जोडी हातात असून त्यांना दिसत नाही. सरकारांच्या टेबलावर मी वर्षानुवर्षं पत्ते वाटले. वाटणाऱ्याचं कामच असतं की उघडलेला प्रत्येक हात वाचायचा. बढाई म्हण हवं तर, पण माझ्या हाताखालून न वाचता एकही हात गेला नाही. डोळा तसा तयार कर, मग पुस्तकं आपोआप कळतील.

दाजींना सांभाळ. राग मनात ठेव, तोंडावर नको. मामाला विसरू नये, एवढं मागणं.

तुझा मामा


दि. २५ सप्टेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला लागलंय. सांगितलंत तसं सगळं केलं. पुस्तक परत केलं. वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, आवडलं का. मी म्हटलं, चुकीच्या घरी गेले होते.

जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एक पातळसं सापडलं, पुठ्ठा निघालेलं. पहिल्याच पानावर तुमचा नियम आणि त्याखाली ओळीने सोडवायचे डाव. आधीच्या मालकाने पेन्सिलीने उत्तरं लिहून ठेवलीयत, त्यातली बरीच चुकलेली. ती खोडत खोडत मी शिकले. चुका शोधायला मजा येते. व्हिडिओंत एक गणिताच्या बाई सापडल्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. हरलेला डाव मांडून त्या आधी स्वतःलाच चार शब्द सुनावतात आणि मग शिकवतात. त्यांनीच एक हिशेब करणारी साइट सांगितली. दोघांचे हात त्यात भरले की कोणाला किती आशा आहे ते ती सांगते. मला वाटायचं दोन एक्के हातात आले म्हणजे डाव खिशात. तिथे बघितलं तर चार साधी, शेजारशेजारची पानं त्यांच्या नाकी नऊ आणतात. पैशांऐवजी फुकटच्या चकत्यांवर खेळायचीही सोय आहे, पण तिथे कोणालाच काही हरायचं नसतं, त्यामुळे लोक वेड्यासारखे सगळंच लावतात. पानं वाचायच्या सरावापुरती ती बरी आहे.

सहा जोड्यांचा अभ्यास दुकानातच करते, गिऱ्हाईक नसताना. बाबा आधी बघत नव्हते. परवा मी एक डाव मांडून पुढे सरकले, तर त्यांनी सेल बदलता बदलता हात लांब केला, एका जोडीवर बोट ठेवलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. ती जोडी माझी खरंच सुटली होती. त्या खेळाबद्दल त्यांनी तोंडातून काढलेला तो पहिला शब्द, आणि तोही शब्द नव्हता.

काल एक बाई भिंतीवरचं जुनं घड्याळ पोटाशी धरून आल्या. आत फक्त एक आस झिजलेला. बाबांनी झाकण उघडून बघितलं आणि होणार नाही म्हणाले. त्या बाई गेल्यावर ते मागच्या खोलीत जाऊन उगाच हात धूत राहिले. मी तशीच उठून सरकारांच्या दुकानावरून गेले. काचेतून दिसलं, लेथवर सरकारांनी आपली टोपी अडकवलीय. मामा, त्या टोपीचा सुद्धा हिशेब मी चुकता करणार आहे.

पुढचा धडा लवकर पाठवा. तुमच्या आशीर्वादाला आता दात फुटू देत.

तुमची भाची,
चिमटा


दि. ४ ऑक्टोबर

चि. चिमटा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शाबास. त्या गणिताच्या बाईंना धरून ठेव. आता पुढचं. प्रत्येक पान उघडलं की आपला हात बाजूला ठेवून स्वतःला विचारायचं, या क्षणी कोणाकडेही असू शकेल असा सर्वांत मोठा हात कुठला. तो आपल्याकडे नसेल तर दोन नंबरच्या हातावर जीव टाकायचा नाही. चार चार पानं वाटलेली असतात, तेव्हा कोणाकडे ना कोणाकडे तो मोठा हात निघतोच. सरकारांचं दुखणं तेच आहे. तीन राजे दिसले की ते टेबलावर हात आपटतात. घाई करू नकोस, त्यांना आपटू दे.

टेबलावर गेलीस तरी पहिले काही रविवार नुसती बस. कोण कशाला हसतो, कोण गप्प होतो, ते बघ. कॉम्प्युटर हे शिकवत नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. दाजींचा तो डाव उकरू नकोस. त्यांना त्याबद्दल विचारू नकोस. माणूस मोठ्या मुश्किलीने विसरायला लागलेला असतो आणि आपण खपली काढतो. झालं ते झालं. तुझं लक्ष पुढच्या डावावर असू दे, मागच्यात काही सापडायचं नाही.

मामी विचारते, हिवाळ्यात येतेस का. मी म्हटलं, ती आता कामात आहे. आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझा मामा


दि. १४ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही, आधीच माफी मागते. पण मी विचारलं नाही, बाबांनी आपणहून सांगितलं. किंवा सांगितलं असंही नाही.

दुपारी मी नेहमीसारखी पानं मांडत होते. बाबा उठून आले, जोड माझ्या हातातून घेतला आणि एकेक पान शोधून काढून मांडायला लागले. टेबलाच्या मध्ये इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची सत्ती, इस्पिकची चव्वी. पलीकडे किलवर आणि बदामचे राजे, सरकारांचे. अलीकडे आपली स्वतःची चार: इस्पिकचा एक्का, चौकटचा गुलाम, किलवरची दश्शी, बदामची तिर्री. एकदाही अडखळले नाहीत. उघडलेलं घड्याळ पुन्हा जोडताना कुठला स्क्रू कुठला, हे त्यांना जसं ठाऊक असतं तसं. मग म्हणाले, हा बघ माझा शहाणपणा, आणि सेल बदलायला परत गेले.

मी तुमच्या शिकवणीप्रमाणे सहा जोड्या लावल्या. एक्क्याबरोबर दुसरा इस्पिक नाही, रंग नाही, बरोबर. एक्का आणि गुलाम, काही नाही. एक्का आणि दश्शी, काही नाही. तिर्रीच्या तिन्ही जोड्या फुकट. राहिली गुलाम आणि दश्शी. गुलाम, दश्शी, आणि टेबलावरची नव्वी, अठ्ठी, सत्ती. सलग पाच. हातातली दोन, टेबलावरची तीन. सिक्वेन्स. आणि सरकारांकडे काय, तर तीन राजे.

मामा, बाबा जिंकले होते.

मी पुन्हा लावून बघितलं, पुस्तकात बघितलं, त्या साइटवर भरून बघितलं. बाबा जिंकले होते आणि सगळे एका एक्क्याला हसत बसले. सरकारांच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात फ्रेम करून लावलेला नियम आहे की पानं उघडी टाकली म्हणजे माणूस तोंडाने काय म्हणाला ते धरायचं नाही, पानं काय आहेत ते धरायचं. बाबांनी चारही पानं उघडी टाकली होती. बाबांना दिसू नयेत म्हणून मी पानं पटकन गोळा केली. मी बाबांना अजून बोललेले नाही. लेथ हातात आल्यावरच सांगेन. नुसतं सांगितलं तर ते सोडून दे म्हणतील.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या दिवशी पत्ते तुम्ही वाटलेत, असं बाबा बोलता बोलता म्हणाले. मला वाटायचं तुम्ही तोवर गेला होतात. म्हणजे माझा साक्षीदार घरातच निघाला. तुमच्या हाताखालून न वाचता हात जात नाही. तेव्हा हा एवढा एक कसा सुटला ते मला कळत नाही, पण हशा-गोंधळात सुटला असेल. आता पानं वर लिहिलीच आहेत. ती तशीच होती, एवढं एका ओळीत लिहून सही करून पाठवा. तुमचा शब्द तिथे कोणी खाली पडू देणार नाही.

वाट बघते. मायेपोटी लवकर लिहावं.

तुमची भाची,
चिमटा


दि. २२ ऑक्टोबर

चि. चिमटा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितो. मामीला सर्दी झालीय आणि घरात रंगकाम काढलंय, बसायला जागा नाही.

तू म्हणतेस त्या पानांबद्दल मला खात्रीने काही सांगता येणार नाही. किती डाव वाटले, कुठला कुठला लक्षात ठेवू. त्या दिवशी मी मध्येच पाणी प्यायला उठलो होतो असंही वाटतं. दाजींच्याही आठवणीवर फार भिस्त ठेवू नकोस. माणसाला हरलेला डाव मनात घोळवता घोळवता जिंकल्यासारखा दिसायला लागतो. तू असं काही घेऊन गेलीस तर सरकार तुला हसतील आणि दाजींचं पुन्हा नाव निघेल. शिकलीस ते खूप झालं. खेळून जिंक, नाहीतर सोडून दे. लेथ एक यंत्र आहे, दुसरं मिळतं.

सहीचं वगैरे काढू नकोस. नात्यात लिहून देणं बरं दिसत नाही.

मोठ्यांचं ऐकावं आणि लोभात अंतर पडू देऊ नये.

तुझा मामा


दि. ५ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

या वेळी पाकीट नीट चिकटवलंय, कारण ते टपालात टाकायला बाबा जाणार आहेत.

रविवारी दुपारी मी सरकारांकडे गेले. बसायचंय म्हटल्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी माझ्यासाठी खुर्ची स्वतः ओढली. घड्याळजींची पोर आली, आता नवीन काय आणलंस कपाटासाठी, असं म्हणाले. केमिस्ट आणि ड्रायव्हिंग मास्तर होतेच. सरकारांनी मला खेळ समजावून सांगितला, चार पानं हातात, पाच टेबलावर, सर्वांत मोठा हात जिंकतो. तेवढ्यावर थांबले. मी भोळा चेहरा करून विचारलं, हातातलं एकच पान वापरलं तर चालतं का. म्हणाले, खेळता खेळता कळेल. केमिस्टनी खाली बघितलं. म्हणजे मामा, हे विसरणं नव्हतंच, ही त्यांची पद्धत आहे.

मग मी म्हटलं, सुरू करण्याआधी पुस्तकातला एक डाव मला सुटत नाही, तेवढा सोडवून द्या. सरकारांना शहाणपणा दाखवायची संधी मिळाली, ते बाह्या सारून पुढे सरकले. मी तोच डाव मांडला, फक्त रंग फिरवून. इस्पिकच्या जागी बदाम, बदामच्या जागी इस्पिक. विचारलं, बदामचा एक्का आहे, टेबलावर चार बदाम आहेत, हा जिंकला ना. ते मोठ्याने हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी शिकवलं. एक्का कामाचा नाही, हातातली दोन लागतात. पण हा बावळट एक्क्याकडेच बघतोय, त्याच्या हातात गुलाम आणि दश्शी आहे, टेबलावर नव्वी, अठ्ठी, सत्ती आहे, म्हणजे सिक्वेन्स. समोरच्याच्या तीन राजांना तो खाऊन बसलाय आणि त्याला पत्ता नाही. असं म्हणून त्यांनी मास्तरांना कोपराने ढोसलं.

मी एकेक पान उचललं आणि त्याच्या जागी खरं पान ठेवत गेले. मधला बदामचा राजा आणि समोरच्याच्या हातातला इस्पिकचा राजा यांची अदलाबदल केली. नव्वी, अठ्ठी, चव्वी. तिर्री बदलली. शेवटी इस्पिकचा एक्का ठेवला. तो ठेवताना केमिस्टच्या घशातून आवाज आला. ज्या एक्क्याला ते इतके महिने हसले तो त्यांना ओळखू येणारच. सरकारांनी कपाळ पुसलं. म्हणाले, जुना डाव, कोणाला आठवतंय. मी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं आणि त्यांनाच वाचायला लावली. मास्तर उठले, म्हणाले, सरकार, कपाट उघडा.

लेथ मी हातात घेतलं नाही. टेंपो करू दिला नाही, दुकानातल्या पोरांना हात लावू दिला नाही. ज्यांनी ठेवून घेतलं त्यांनीच ते बाजारातून, उन्हात, चालत आणून द्यावं असं सांगितलं, आणि टोपी घालायची नाही असंही सांगितलं. मी दोन पावलं मागे राहिले. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. कोणी म्हणेल एवढं बरं वाटून घेऊ नये. मी घेतलं.

दुकानाच्या पायरीशी त्यांनी लेथ खाली ठेवलं. बाबा आत होते, त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू सरकार मला म्हणाले की माझ्याकडे बघून दात कशाला खातेस, मला डावात दिसलं नव्हतं. पत्ते वाटणाऱ्याला दिसलं होतं. त्याच संध्याकाळी माझ्या दुकानाच्या जिन्यावर तुझ्या मामाने हसत हसत सांगितलं की मेहुणा जिंकून हरून गेला. सरकारांनी तुम्हाला विचारलं म्हणे, मग बोलला का नाहीस. तुम्ही म्हणालात, मजा गेली असती.

तुम्हाला त्याबद्दल काय मिळालं किंवा काहीच मिळालं नाही, ते मी विचारणार नाही. मला कुठलं उत्तर आवडेल तेच समजत नाही. सहा जोड्यांचा अभ्यास तुम्ही मला का शिकवलात, हेही विचारणार नाही. शिकवायला बसलं की तुम्हाला चांगलंच शिकवता येतं, एवढंच त्याचं कारण असेल. तुमच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते तेव्हाच थोडंथोडं उमगलं होतं म्हणून.

आता बाबांचं लिहिते. लेथ त्यांनी फडक्याने पुसलं, तेल दिलं, चाक हाताने फिरवून कान लावून ऐकलं. मग मी पानं मांडली आणि दाखवली. गुलाम आणि दश्शी. बाबांनी ती दोन पानं उचलून भिंगाखाली धरली आणि मग ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्यांनी विचारलं, तुला हे कोणी शिकवलं. मी खरं ते सांगितलं. मामांनी.

झालं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गिऱ्हाइकाला सांगतात, केमिस्टला सांगतात, माझ्या मेहुण्याने दूर बसून पत्रांतून माझी अब्रू परत आणली. ते जिन्यावरचं मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. आई गेल्यावर त्यांना जोडीचं असं तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि तेवढं मी त्यांचं काढून घेणार नाही. मात्र तुमची सुटका करायचीही माझी इच्छा नाही.

तुम्ही यायचं आहे. बाबांचं आमंत्रण आहे आणि माझी अट आहे. गुडघ्यांचं कारण चालणार नाही. न येण्याचं खरं कारण मग मला बाबांना सांगावं लागेल. येताना तुमचं ते बंद पडलेलं मनगटी घड्याळ आणा. लेथवरचा पहिला आस त्याच घड्याळासाठी कातायचा असं बाबांनी ठरवलंय, तोवर दुसऱ्या कोणाचं काम ते हातात घेत नाहीत. ते तुमच्यासमोर बसून कातणार आहेत आणि कातताना तुमचे आभार मानणार आहेत. तुम्ही ते ऐकून घ्यायचे. कानाचं मशीन लावून या, एकही शब्द सुटायला नको. घड्याळ तयार झालं की बाबा ते स्वतः तुमच्या मनगटावर बांधतील. ते रोज वापरायचं. बाबा पत्रातून विचारतील, वेळ बरोबर दाखवतं ना, आणि प्रत्येक वेळी तुम्ही हो म्हणून कळवायचं.

मामींना यातलं काही लिहिलेलं नाही. त्यांची सर्दी, आणि रंगकाम, बरं झालं असेल.

बाबांचा तुमच्यावर फार लोभ आहे. तो इथून पुढे जन्मभर सहन करावा, ही विनंती.

आपली भाची